निळा ठिपका

राजारामसरांनी खिडकीच्या फटीत शेवटची चिंधी कोंबली आणि इस्लामपूरच्या कॉलेजातली ती छोटी प्रयोगशाळा भरदुपारी काळोखात बुडाली.

"फ्लास्कच्या मधोमध बघा, सर," मिलिंद म्हणाला. "आवाजाच्या लाटांनी पाण्यातला बुडबुडा दाबला जातो आणि चमकतो. तिथं निळा ठिपका आहे."

सरांनी पाहिलं. काही नव्हतं. पण मिलिंद त्यांचाच शाळेतला विद्यार्थी, आता इथला प्राध्यापक. त्याचे वडील कोयनेच्या वीजघरात होते. बुडबुडे फुटून टर्बाइनच्या पोलादालाही खड्डे पडतात, हे पोरगा शाळेत असताना डोळे विस्फारून सांगायचा.

"दिसतोय," सर म्हणाले.

"उद्या सांगलीच्या परिषदेत हेच सांगणार. आत सूर्याइतकी उष्णता असेल, तर सूर्यातल्यासारखे अणूही जुळतील. अमेरिकेत शास्त्रज्ञ भांडतायत त्यावर. भांडू देत. प्रकाश तर आपण पाहिलाय."

"मलाबी दिसतोय," कोपऱ्यातून शिपाई भाऊसो म्हणाला. "लय झ्याक!"

सर अस्वस्थ झाले. आपले डोळे म्हातारे, पण भाऊसोचे तरी कुठं तरुण? चाचपडत त्यांनी फ्लास्कला आवाज पुरवणाऱ्या अँप्लिफायरचं बटण उलटं फिरवलं, पार शून्यापर्यंत.

"भाऊसो, आता?"

"हाय की. जरा मोठाच झालाय."

"आता तर अगदी स्थिर आहे, सर," मिलिंद म्हणाला.

सरांनी दिवा लावला. मिलिंदची नजर बटणावर गेली आणि तिथंच राहिली.

"आवं, तुमी म्हणला म्हून मी म्हणलो," भाऊसो पुटपुटला. "थोरलं सरबी व्हय म्हणलं."

"सर, तुम्हाला मघाशी तरी...?"

राजारामसरांनी चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसला. बराच वेळ पुसत राहिले. मग त्यांनी मान हलवली. नाही.

मिलिंद खुर्चीत बसला. उद्याचा सदरा दाराला टांगलेला होता, इस्त्री करून. थोड्या वेळानं तो उठला, बटण पुन्हा खुणेपर्यंत नेलं आणि दिवा मालवला.

"आता कुठं बघायचं ते मी सांगणार नाही. दिसेल तेच बोला."

तिघं बसून राहिले. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला.

"सर," भाऊसोचा आवाज अगदी बारीक झाला होता, "मला न्हाई दिसत."

"मलाही नाही," मिलिंद म्हणाला.

राजारामसरांनी तोंड उघडलं. काळोखात, मधोमध, सुईच्या टोकाएवढं काहीतरी निळसर होतं. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले.

"सर?"

"थांब," ते म्हणाले. "अजून थोडं बसू."