एकतीस सह्यांची लाल गाडी

बालाघाटच्या काली पुतली चौकातल्या टपरीवर रोज संध्याकाळी जगातल्या झाडून सगळ्या मोटार कंपन्यांची खरडपट्टी निघायची. काढणारा कुशल. तो तहसील कचेरीत बाबू. पण इंजिनावर बोलू लागला की कंपन्यांचे मालक यालाच विचारून गाड्या बनवत असावेत, असं वाटे.

"कंपन्यायनं गाड्यायचा जीवच काढून घेतला," तो म्हणे. "जिकडे पाहाव तिकडे पांढरी ऑटोमॅटिक. दमदार इंजिनाची, हातानं गिअर टाकाची लाल गाडी काहून नाही आणत? आणली त आम्ही रांग लावू."

भोवतीचे सगळे माना डोलवत. त्यातल्या निम्म्यांनी काटा सत्तरच्या पुढे गेलेला कधी पाहिला नव्हता, तो भाग वेगळा.

या माना खऱ्या धरणारा भाबडा एकच होता: गावातल्या शोरूममधला सेल्समन लोकेश. त्यानं टपरीवर 'अशी गाडी आली तर घेऊ' म्हणून एकतीस सह्या गोळा केल्या आणि कागद मालकापुढे, मधुकरशेठांपुढे, ठेवला.

"तुह्या भरवशावर मंगवून राह्यलो," शेठ म्हणाले. "महिन्याभरात नाही खपली त तुही नोकरी गेली समज."

गाडी आली. लाल, दमदार, हातानं गिअर टाकायची. पहिल्याच दिवशी एकतीसच्या एकतीस जण हजर. टायरवरून हात फिरवले, बॉनेट उघडून आत डोकी घातली, फोटो काढले. एकानं तर बायकापोरांना आणून आत बसवलं. त्यांच्यातला पियुष टेस्ट ड्राइव्हच्या नावाखाली थेट दूरच्या हट्टा गावातल्या जुन्या बावडीपर्यंत जाऊन आला आणि सस्पेन्शन कडक असल्याचा निकाल देऊन घरी गेला. बुकिंग मात्र एकाचंही नाही.

लोकेश रोज फोन लावू लागला. एकाला लाल रंग जरा जास्तच लाल वाटला. एकाला सनरूफ नको होतं, वजन वाढतं म्हणे. सही केलेल्या रजतचं म्हणणं, पुढच्या वर्षी याहून जोरदार मॉडेल येतंय, आता घेईल तो मूर्ख. मूर्ख कोण, ते लोकेशला हळूहळू कळू लागलं होतं. महिना संपायला तीन दिवस उरले तसं त्याच्या तोंडचं पाणी पळालं. घरी बायकोला, रीनाला, आठवा महिना होता.

पाय धरायची तयारी ठेवून तो कुशलच्या घरी गेला आणि फाटकातच थबकला. अंगणात नवी कोरी गाडी उभी होती. पांढरी. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकांखाली चिरडलेली लिंबं. त्यानं काचेतून आत डोकावलं. क्लचचा पत्ता नव्हता.

"गोंदियाहून आणली," कुशल बाहेर येत म्हणाला. लाजायचं त्याच्या लक्षातही आलं नाही. "रोज कचेरीत जायले क्लच कोण दाबते बावा? आन् पांढरीले रिसेल हाय."

"मंग सही काहून केलती, कुशलभाऊ?"

"ते गाडीच्या प्रेमापायी."

लोकेशला असा संताप आला की तिथलंच लिंबू उचलून त्या प्रेमावर फेकून मारावं. पण गिऱ्हाइकाला नमस्कार करायची सवय हाडात मुरलेली. नमस्कार करून तो परतला.

दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये शांताबाई आल्या. लालबर्र्याला त्यांची धानाची गिरणी. जुनी गाडी कायमची बसली होती, दुसरी दोन दिवसांतच हवी होती आणि दारात तयार उभी होती ती हीच लाल गाडी. लोकेशनं इंजिनाची महती सुरू केली, तोवर बाईंनी डिकी उघडून पाहिली.

"कोंड्याच्या दोन बोऱ्या बसते न? चढावर दम त नाही सोडत?"

"नाही काकू."

"मंग काढ कागद."

लोकेशनं लगेच कागद काढले. नोकरी वाचली होती. शेठांनी पेढे मागवले.

दोन दिवसांनी गाडी न्यायला बाई आल्या. बातमी टपरीवर पोचली होतीच. कुशल अख्खी टोळी घेऊन धावत आला. घरचं माणूस गेल्यासारखा चेहरा.

"काकू, ही गाडी गिरणीवर न्यायची नोहे," तो कळवळून म्हणाला. "हिची कदर पाहिजे. समजणाऱ्या माणसाची गाडी हाय ही."

"हौ का? मंग समजणारे महिनाभर काय करून राह्यलते?"

शांताबाईंनी पहिला गिअर टाकला, हॉर्न वाजवून एकतीस समजदारांना बाजूला केलं आणि गाडी लालबर्र्याच्या रस्त्याला लावली.