बिनवासाचं तेल

कारखान्यात माझ्या नाकाला मान आहे. तेल बाटलीत जाण्याआधी शेवटी ज्या टाकीत वाफेवर तापतं, ती टाकी मी बावीस वर्षं चालवतोय. तेलाला जरा वास राहिला की मी म्हणणार, "परत चढवा." मग ते पुन्हा तेवढंच तापतं आणि पाण्यासारखं नितळ उतरतं. त्याला आम्ही दुबार म्हणतो. आम्हा कामगारांची पक्की समजूत, दुबार म्हणजे सगळ्यात शुद्ध. घरी न्यायचं तर तेच.

दादाला हृदयविकाराचा पहिला झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, तेल चांगलं वापरा. झालं! माझ्या अंगात आलं. वहिनीने घाण्यावरून बाटली आणली होती, गढूळ, उग्र वासाची. मी नाक मुरडलं. "हे काय कुलपात घालायचं तेल आहे? दादाला मारायचंय का, वहिनी?" आणि तिच्या डोळ्यांदेखत बाटली मोरीत उपडी केली. ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला त्यातलं जास्त कळतं, भावोजी."

तीन वर्षं न चुकता दुबारचा डबा पोचवला. दादा येईल त्याला तेल हुंगायला लावायचा. "माझा भाऊ स्वतः काढतो. येतो का वास? सांगा!"

गेल्या महिन्यात त्याला दुसरा झटका आला.

कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी दादाची चौकशी केली तेव्हा मी म्हणालो, "घरात दुबारशिवाय तेल नाही हो, तरी असं." त्या लिहायच्या थांबल्या.

"दुबार? अहो, जितकं जास्त तापवाल तितकी त्यात हृदयाला घातक चरबी होते. आणि जे उपयोगी असतं, ते वाफेबरोबर निघून जातं."

"कुठे जातं?"

त्यांनी खिडकीतून पिंपं दाखवली. औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीला जाणारी. वाफेतून निथळून त्यांत जमायचं, त्याला आम्ही मळी म्हणायचो. बावीस वर्षं ती पिंपं मीच भरतोय, मीच बंद करतोय.

"त्यानेच झटका आला असं नाही म्हणता येणार," बाई म्हणाल्या. समजूत काढत होत्या. आग लागो त्या समजुतीला.

तसाच घाण्यावर गेलो, बाटली घेतली, वहिनीला सगळं सांगितलं. तिने त्या तेलात भाजी केली. दादाने घास नाकाशी नेला आणि ताटात परत ठेवला.

"वास येतोय."

"येऊ दे, दादा. हेच चांगलं."

"वास म्हणजे घाण, तूच शिकवलंस ना?" त्याने ताट बाजूला सारलं. "मला तुझंच तेल पाहिजे."

"माझं चुकलं रे! तीन वर्षं मी तुला भलतंच खायला घातलं."

तो हसला. हसतानाही त्याला धाप लागली. "वेडा आहेस. तू माझं वाईट करशील होय?"

मी वहिनीकडे बघितलं. ती ताट उचलत होती.

"आता तुम्हीच समजवा," ती म्हणाली. "माझं तेव्हाही कुणी ऐकलं नव्हतं."

दादाने उशीला डोकं टेकलं. "नवा डबा कधी आणतोस?"