कडूकंदावरचा निबंध

बदलापूरच्या कॉलेजात गोडांबे सरांनी प्रगतीचा इंग्रजी निबंध परत दिला, तेव्हा त्यातल्या प्रत्येक ‘आय’वर लाल काट होती.

“औपचारिक निबंधात स्वतःला घुसडायचं नसतं,” सर म्हणाले.

प्रगतीचं डोकं फिरलं. बारवीकडच्या ठाकूरवाडीत कडूकंद ती स्वतः खणून आणायची, स्वतः शिजवायची. मग लिहायचं कोणाच्या नावावर? तरी तिने मुकाट्याने निबंध पुन्हा लिहिला. कडूकंद कच्चा विषारी असतो. चकत्या राख घालून उकडल्या जातात, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवल्या जातात, मगच खाल्ल्या जातात. करणारं माणूस कुठेच नाही.

“आता कसं शोभतंय!” सर खूश झाले. “पण हे सगळं खरं कशावरून?”

प्रगती याच प्रश्नाची वाट बघत होती. तिने डबा उघडून टेबलावर ठेवला. “खाऊन बघा.”

सरांनी एक चकती उचलली, तोंडापर्यंत नेली आणि थबकले. “अगं, ह्या नीट उकडल्यात ना? कोणी केल्यात?”

“मी,” प्रगती म्हणाली. “आता चालेल ना, सर?”