आवाज कमी कर

टीव्हीचा रिमोट हरवणं ही काही चारचौघांत सांगावी अशी आपत्ती नव्हे, पण माझी मुलगी जेनीन ॲडलेडहून रोज फोन करते, तिच्यापाशी काहीतरी बोलावं लागतं, म्हणून मी रिमोटचंच रडगाणं लावलं होतं. माझ्या नवऱ्याला, रॉसला, जाऊन सहा आठवडे झाले होते, आणि तो गेला त्या दिवसापासून रिमोटही बेपत्ता होता.

"खुर्चीच्या फटीत हात घातलास का?" जेनीननं विचारलं.

"फटीत कसला, गादी काढून झाडली. तुझ्या बाबाचे मासे धरायचे दोन गळ निघाले आणि एक चिकट गोळी."

"काखेत कळसा अन् गावाला वळसा, आई. एकदा फ्रीजमध्ये बघ."

एरवी वयावरून टोमणा मारला की माझं डोकं फिरतं, पण त्या दिवसांत तेवढंही बरं वाटायचं. टीव्ही मी भिंतीवरच्या बटणानं चालू-बंद करत होते. लावला की क्रिकेटच लागायचं, कारण रॉसनं शेवटचं तेच लावलेलं, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नसलं तरी घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून मी ते तसंच ठेवायचे.

जेनीनला मी काय सांगितलं होतं ते आधी सांगून टाकते. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते, आत आले तेव्हा सगळं आटोपलं होतं, बाबाला काही कळलंसुद्धा नसेल. यातलं अंगण खरं आहे आणि कपडेही खरे आहेत. पण त्याआधी, दुपारी दोन वाजून गेल्यावर, मी स्वयंपाकघरात पास्टीच्या, म्हणजे खिमा-बटाटा भरलेल्या मोठ्या करंजीच्या, कडा मुडपत उभी होते, आणि पुढच्या खोलीतल्या टीव्हीचा आवाज वाढायला लागला होता, एकेक पायरीनं, मध्ये थांबत, पुन्हा वाढत. मी ओरडले, "रॉस, आवाज कमी कर." तो आणखी वाढला. वालारू बंदरावरच्या धान्यकोठारांत चाळीस वर्षं काढून रॉसचे कान गेलेले, त्यात मला चिडवायची हौस दांडगी, तेव्हा मला वाटलं, चालल्यात याच्या माकडचेष्टा. मी पिठाच्या हातानं मधलं दार धाडकन ओढून घेतलं, त्याला ऐकू जावं म्हणून मुद्दाम जोरात, आणि कपड्यांची टोपली घेऊन बाहेर गेले. तासाभरानं दार उघडलं तेव्हा तो खुर्ची आणि टीपॉय यांच्या मधल्या गालिच्यावर कुशीवर पडलेला होता, आणि पडद्याच्या कोपऱ्यात आवाजाचा आकडा होता शंभर. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले की वाचा एकदम गेली असणार, जीव जायला मात्र वेळ लागला असेल. जेनीन तेव्हा गाडीत होती, वाटेत.

हे कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही, ही धास्ती होतीच. पण मला आतून खात होतं ते वेगळंच. तो आवाज म्हणजे हाक आहे, हे स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसाला कळण्यासारखं होतं का? माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर आत आलं असतं का, की त्यानंही दार लावून घेतलं असतं? एवढं एक मला कुणाला तरी विचारायचं होतं, आणि ज्याला विचारावं त्याला आधी सगळं सांगणं आलं.

नाताळ उलटल्यावर जाहिराती मुक्या व्हायला लागल्या. रॉसला जाहिरातींचा भारी तिटकारा, जाहिरात लागली रे लागली की तो आवाज बंद करायचा आणि म्हणायचा, "वॅल, त्या साबणवाल्याला सांग, माझी चड्डी स्वच्छ आहे." पहिल्यांदा मला वाटलं, टीव्ही बिघडला असेल. पण खेळ सुरू झाला की आवाज परत यायचा, बरोब्बर. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आमच्याकडे ती मेल्यावरही गेली नाही, असं मी स्वतःशी म्हटलं आणि हसलेसुद्धा. खरं सांगते, दोन-तीन दिवस मला फार सोबत वाटली.

चौथ्या दिवशी दुपारी दोन वीसला पडद्याच्या कोपऱ्यात आकडा उमटला. एकोणीस. थांबून वीस. मग एकवीस. चाळीस झाले तेव्हा मी कशीबशी उठून भिंतीवरचं बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच वेळेला.

रॉसच नेहमी म्हणायचा, रिमोटला टीव्ही समोर दिसावा लागतो, मध्ये माणूस आलं की खेळ खलास. म्हणजे रिमोट जिथं कुठं होता तिथून त्याला टीव्ही दिसत होता. मी इस्त्रीचं टेबल आडवं करून टीव्हीपुढे धरलं. आकडा थांबला. मग मी रोज दोन वीसला ते टेबल घेऊन खोलीत फिरू लागले, इकडे सरकवून बघायचं, तिकडे सरकवून बघायचं, खिडकीकडून काही येत नव्हतं, सोफ्याकडून काही येत नव्हतं. शेवटी टेबलही नको झालं, चहाचा ट्रे पुरायला लागला. गालिच्यापासून वीतभर उंचीवर, खुर्ची आणि टीपॉय यांच्या मधोमध ट्रे धरला की आकडा थांबायचा, काढला की चढायचा. तिथं काहीच नव्हतं. मी गुडघे टेकून त्या रिकाम्या जागी हात फिरवला, मग आडवी होऊन खुर्चीखाली खोल हात घातला, आणि तळाच्या फाटक्या अस्तरात रिमोट लागला.

मी त्यातले दोन्ही सेल काढून स्वयंपाकघराच्या खणात टाकले आणि वर कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी दोन वीसला आकडा उमटला. एकोणीस.

शनिवारी जेनीन आली. जेवणं झाली तेव्हा दोन वाजून गेले होते, आणि मी पुढच्या खोलीत टीव्ही लावून रॉसच्या खुर्चीत जाऊन बसले. टीपॉयवर ठेवलेला रिमोट तिनं उचलला.

"सापडला ना? कुठे होता?"

"खुर्चीखाली."

"बघ, मी म्हटलं नव्हतं? पण यात सेल कुठायत?"

"काढून ठेवलेत."

"का गं?"

"असंच."

तिनं माझ्याकडे जरा निरखून बघितलं, रिमोट परत टीपॉयवर ठेवला, भांडी घासायला आत गेली, आणि मग नळ सोडल्याचा आवाज आला. मधलं दार उघडंच होतं. भिंतीवरचं बटण बंद करायला मी उठू शकले असते. उठले नाही, कारण ज्याला विचारायचं ते माणूस आता त्याच जागी उभं होतं, आणि त्याला काही सांगायची गरजही नव्हती.

एकोणीस. वीस. एकवीस.

"आई, आवाज कमी कर," ती आतून म्हणाली. माझेच शब्द, माझाच वैताग. मी ओठ घट्ट दाबून धरले. चोवीस. पंचवीस. "अगं, केवढा तो आवाज." आता ती दार लावेल असं मला वाटलं, आणि तिनं लावावं म्हणून मी देवाच्या पाया पडत होते. लाव बाई, ओढून घे ते दार, म्हणजे मी सुटले. सत्तावीस. "आई?" नळ बंद झाला. एकतीसला ती दारात होती, हातांवरून साबणाचं पाणी गळतंय, चेहरा पांढरा पडलेला.

"म्हटलं पडलीस की काय," ती म्हणाली.

सात-आठ पावलांचं अंतर आहे ते. रॉसला शंभरपर्यंत जावं लागलं होतं. मला माझीच इतकी किळस आली की तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात आकडा उतरायला लागला. तीस, एकोणतीस, सावकाश, एकेक. जेनीननं रिमोटकडे बघितलं, मग माझ्या मांडीवरच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. आकडा शून्यावर आला. पडद्यावर माणसं तोंडं हलवत धावत राहिली आणि खोली पूर्ण शांत झाली. ती माझ्यापाशी खाली बसली, गालिच्यावर, आणि कान देऊन ऐकू लागली.

"आई," ती म्हणाली, "असा घरघरत श्वास का घेतेयस?"

तिचं पाऊल दारात पडल्यापासून मी श्वास रोखूनच बसले होते.