सुईची मोजणी

मोजणीचा पहिला नियम म्हणजे मोजणाऱ्याशी बोलायचं नाही. दर रविवारी सकाळी गावातली काही हौशी माणसं आपापल्या ठरलेल्या जागी जाऊन बसायची. कोणी तळ्यावर, कोणी स्मशानामागच्या झाडीत, कोणी रेल्वेच्या पडक्या शेडपाशी. तासभर जे पक्षी दिसतील, ऐकू येतील, त्यांच्या कागदावर रेघा मारायच्या. पगार नाही, मानधन नाही, बूट चिखलात जायचे ते निराळंच. पण शिस्त अशी की सैन्याने शिकावी. जागा तीच, वेळ तीच, माणूस तोच. शेजारी कोणी बसलं असेल तर त्याने तोंड उघडायचं नाही आणि बोटही दाखवायचं नाही. मोजणाऱ्याने स्वतः पाहिलं-ऐकलं तेवढंच खरं, बाकी सगळ्या गप्पा.

गावाबाहेरच्या पाणथळीतल्या बोरूच्या बेटाची जागा कानसेनांकडे होती. लोक त्यांना कानसेन म्हणत, आणि त्यात चेष्टा नव्हती. उभा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. खोक्याला कान लावून आत काय बिनसलंय ते सांगायचा आणि मगच पेचकस हातात घ्यायचा. बोरूच्या दाटीत पक्षी दिसायचं नावच नको, तिथे दुर्बिणीपेक्षा कानाचं काम. त्यामुळे ही जागा कोणाची, यावर कधी वादच झाला नाही.

त्या बेटात एक पक्षी राहायचा. अंगठ्याएवढा, मातकट, चारचौघांत उठून दिसेल असं काही नाही. पुस्तकातलं त्याचं नाव इतकं लांबलचक की उच्चारेपर्यंत तो उडून जायचा. पण आवाज इतका बारीक, इतका टोकदार, की टाचणीबाईंनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्या म्हणाल्या, "अगोबाई, ही तर सुईच!" तेव्हापासून सगळ्या मोजणीवाल्यांत त्याचं नाव सुई पडलं.

टाचणीबाई म्हणजे कानसेनांची बायको. कपडे शिवायच्या. सदा न कदा ओठांत टाचण्या धरलेल्या, त्यामुळे गिऱ्हाइकाशी ‘हूं’ आणि ‘उंहूं’ यावर कारभार. "तुझी बायको बोलत नाही, सुखी आहेस लेका," असं मित्र कानसेनांना चिडवायचे. टाचण्या काढल्यावर काय होतं ते त्यांनी कुठे पाहिलं होतं!

रविवारी मात्र टाचण्या घरी ठेवून त्या नवऱ्याबरोबर बेटावर यायच्या. बाकाच्या एका टोकाला कानसेन, डोळे गच्च मिटून. दुसऱ्या टोकाला टाचणीबाई, चहाचा थर्मास आणि हातशिलाईचं काहीबाही घेऊन. बोरूतून सुई बोलली की त्यांना हसू यायचं, आणि त्या ते मांडीवरच्या कपड्याकडे बघत हसून घ्यायच्या. मोठ्याने काही म्हणायची सोय नव्हती. घरी गेल्यावरही नाही. आकडा घरात बोलला की पुढच्या रविवारी कान तोच आकडा शोधायला लागतो, असं कानसेनांचं म्हणणं. टाचणीबाईंनी कधी विचारलं नाही. नवरा शेजारी बसून ऐकतो आहे, आपणही ऐकतो आहोत, यापेक्षा जास्त काय हवं असतं म्हातारपणी?

अलीकडे कानसेन बेटावरून परतताना गप्प गप्प असायचे. टाचणीबाईंना वाटायचं, वयाचं असेल. नगरपालिकेला ती पाणथळ जागा बुजवून बसचा डेपो करायचा होता, त्याचीही काळजी असेल. त्यांना स्वतःला ती काळजी मुळीच नव्हती. बेटात सुई राहते आहे तोवर तिथे मातीची एक पाटी पडणार नाही, असा नगरपालिकेचाच ठराव होता. "आमची सुई असताना कसला डेपो होतोय!" असं त्या गिऱ्हाइकांना टाचण्या काढून सांगायच्या.

आणि एक दिवस बेटाच्या तोंडाशी डेपोच्या मंजुरीची पाटी लागली.

"अहो, ती पाटी बघितलीत का? मग सुईचं काय?" त्यांनी घरात पाऊल टाकता टाकता विचारलं.

कानसेन बुटाची नाडी सोडत होते. ती सुटल्यावरही तिच्याशी चाळा करत राहिले.

"सुई नाही आता. चार वर्षं झाली," ते म्हणाले. "तुला सांगितलं नाही. सांगायचं नसतं. नगरपालिकेने आकडे मागितले, मी सही करून दिले."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. शून्य. डॉक्टर म्हणत होती, काका, मी येऊन बसून बघू का एकदा? मी म्हटलं, मी काय तिथे झोपा काढतो?" त्यांचा आवाज चिरकला. "मला काय हौस होती गं ती सही करायची?"

डॉक्टर म्हणजे दातांची डॉक्टरीण. सगळ्यांचे कागद गोळा करून मोजणीचा हिशेब तीच ठेवायची. आठवडाभर लोकांच्या तोंडात बघायचं आणि रविवारी झाडांत, असं तिचं चाललेलं असे.

टाचणीबाईंनी तर गेल्याच रविवारी सुई ऐकली होती. चांगली पोटभर ऐकली होती. मग वाटलं, आपली ती सुई नसेलच. दुसरं काहीतरी असेल. आपण कापडं शिवणारी बाई, आणि हा माणूस कानसेन. स्वतःच्या कानांवर त्यांनी काट मारली आणि गप्प बसल्या.

पुढे त्यांना ताप आला. कानसेनांनी थर्मामीटर आणून त्यांच्या काखेत दिला. "वाजला की काढू," म्हणाले आणि उशाशी बसले.

थर्मामीटर वाजला. टाचणीबाई वाट बघत राहिल्या. कानसेन भिंतीकडे बघत होते. तो थांबून पुन्हा वाजला, बारीक, लागोपाठ.

"काय हे," कानसेन वैतागून म्हणाले, "सेल गेला वाटतं. आमचे रेडिओ बरे, बिघडले तरी निदान खरखर करायचे."

टाचणीबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. नात फोनवर बोलली की हे म्हणायचे, ही पोरगी तोंडातल्या तोंडात बोलते. घड्याळाचा गजर ‘मुका झालाय’ म्हणून फेकून दिला होता. जाडे आवाज सगळे ऐकू यायचे, बायकोचा, शेजाऱ्याचा, बसचा. बारीक तेवढे गेले होते. चार वर्षं हा माणूस डोळे मिटून त्या एका आवाजाची वाट बघत बसला, दर रविवारी हरून घरी आला, आणि आपण हातभर अंतरावर बसून हसत होतो! एकदा, नुसतं एकदा ‘आली हो’ म्हटलं असतं तर! त्या उशीत तोंड खुपसून रडल्या. कानसेनांना वाटलं, तापाने.

ताप उतरला तरी त्यांचं तोंड उघडेना. सांगावं, तर या माणसाकडे कानाशिवाय दुसरं होतं काय? दुकान गेलं, रेडिओ गेले, उरलं होतं ते नाव. न सांगावं, तर बोरूवर माती पडते. शिवणाचं मशीन पुढ्यात घेऊन त्या नुसत्या बसून राहायच्या. शेवटी त्यांनी थर्मामीटर नवऱ्याच्या हातात ठेवला.

"बटण दाबा."

त्यांनी दाबलं.

"वाजला?"

"कुठे वाजला?"

"वाजला, अहो."

कानसेनांनी पुन्हा दाबलं. कानाशी धरून दाबलं. दुसऱ्या कानाशी धरून दाबलं. खोलीभर तो बारीक आवाज होत राहिला आणि टाचणीबाईंना वाटलं, आता हा थांबला नाही तर मी किंचाळेन.

"मग सुई?" कानसेनांनी हळूच विचारलं.

"आहे. दर रविवारी असते."

"तू ऐकत होतीस?"

"हो."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलायचं नाही, असं तुम्हीच..."

"हो," कानसेन म्हणाले. "मीच."

ते उठून बाहेर गेले. अंधार पडल्यावर परतले, तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. जेवायला बसता बसता म्हणाले, "डॉक्टरला फोन लाव. तूच बोल. माझ्याने नाही होणार."

डॉक्टरीण दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून बेटावर आली. बाकावर बसते न बसते तोच सुई बोलली. तिने कपाळावर हात मारला. "चूक माझी आहे, काका. मी एकदा यायला हवं होतं. पण तुमच्या कानावर शंका कोण घेणार?" मग खाली मान घालून म्हणाली, "चार वर्षांचे आकडे बाद करावे लागतील. सुईचेच नाहीत, बारीक आवाजाचे सगळे."

"कर," कानसेन म्हणाले. "सगळे कर."

तिघं नगरपालिकेत गेली. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं. मग दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"काका, ही सही तुमची. पक्षी नाही म्हणता. ही पण सही तुमची. पक्षी आहे म्हणता. आणि वर सांगता, मला ऐकू येत नाही. मी कुठला कागद वर पाठवू?"

"मी ऐकलाय ना साहेब," टाचणीबाई म्हणाल्या.

"मीही," डॉक्टरीण म्हणाली.

"हरकत घ्यायची मुदत संपली हो," साहेब म्हणाला, आणि त्यालाही ते सांगताना बरं वाटत नव्हतं. "ठेका देऊन झालाय. तुमचं म्हणणं मी फायलीला लावतो."

जिना उतरताना कानसेन मध्येच थांबले. "मी माणूस खोटं बोलणारा असतो ना," ते म्हणाले, "तर बेट वाचलं असतं. एक रेघ मारली असती दर वर्षी." टाचणीबाईंनी त्यांचा दंड धरला.

माती टाकायला रविवारपासूनच सुरुवात होणार होती. डॉक्टरीण म्हणाली, तुम्ही नका जाऊ, त्रास होईल. पण मोजणी ती मोजणी. दोघं नेहमीच्या वेळेला बाकावर येऊन बसली, या वेळी जवळ जवळ.

"शेवटची तरी नोंद खरी जाऊ दे," कानसेन म्हणाले. "ऐकलीस की बोट वर कर. माझी दया येऊन उगाच करू नकोस हं."

"मापात खोटं करत नाही मी. शिवणारी बाई आहे."

कानसेनांनी डोळे मिटले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते डोळे उघडे ठेवून मोजायला बसले, आणि बघत राहिले ते बायकोच्या गुडघ्यावरच्या हाताकडे. थोड्या वेळाने बोट वर झालं. त्यांनी रेघ मारली. पुन्हा बोट, पुन्हा रेघ. मग एकदम दोनदा. "दोन आहेत," टाचणीबाई पुटपुटल्या, आणि नियम मोडला म्हणून जीभ चावली. कानसेन हसले. बोरूचे तुरे हलत होते. दर वेळी बोट वर झालं की ते मान किंचित कलती करत, ऐकू आल्यासारखी.

मध्येच त्यांनी डोकं वर केलं. "गाडी आली."

टाचणीबाईंना काहीच ऐकू आलं नव्हतं. मग त्यांच्याही कानावर आली, दूर रस्त्यावरून, जड, घरघरणारी.

"हे बरं ऐकू येतं मला," कानसेन म्हणाले. हसायला गेले, पण ते हसू निभलं नाही.

यंत्र उतारावरून खाली आलं आणि बाकापासून थोड्या अंतरावर थांबलं. ड्रायव्हरने केबिनमधून ओरडून सांगितलं, "काका, काकू, उठा आता!" इंजिन चालूच होतं. टाचणीबाईंचं बोट अर्धवट वर गेलेलं तसंच राहिलं, मग खाली आलं.

"थांबली?" कानसेनांनी मोठ्याने विचारलं.

"माहीत नाही हो," त्या त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या. "आता मलाही ऐकू येत नाही."

कानसेनांनी कागदाकडे पाहिलं. सुईच्या नावापुढे चार वर्षं ते वाटोळं शून्य काढत आले होते. आज रेघा होत्या, आणि रेघांच्या पुढे त्यांनी सावकाश, एकेक अक्षर कोरत लिहिलं, ‘यानंतर ऐकू आलं नाही.’ खाली सही केली. मग बायकोचं ते बोट मुठीत घट्ट धरलं, आणि ड्रायव्हर स्वतः उतरून त्यांना उठवायला आला तोवर सोडलं नाही.