एगिगीची भांडखोर शीळ

माडावर चढण्याआधी इनास बुंध्याशी उभा राहून झाडांत वसणाऱ्या पूर्वजांना विचारायचा, "आज्यांनो, येऊ का वर? पोय कापतोय, रागावू नका." गुआम बेटावरच्या उमाताक गावात न विचारता झाडाला हात लावणारा एक तर परका, नाही तर मूर्ख. मग कोयता कमरेला खोचून म्हातारा सरसर वर जायचा, पोयीचं, म्हणजे नारळाच्या मिटलेल्या फुलोऱ्याचं, टोक पातळ कापायचा आणि माडीसाठी बांबूचा नळा बांधायचा.

तो उतरायच्या आत एगिगी हजर! अंगठ्याएवढं पाखरू, लाल-काळं, चोच बाकदार. नारळाच्या फुलातल्या मधावर वंशपरंपरेचा हक्क असल्यासारखं वागायचं. त्याच्या लेखी चोर इनासच. इनासही कमी खट नव्हता. तो मुद्दाम हुबेहूब तशीच शीळ घालायचा. झालं! दुसरा नर आपल्या माडावर आला असं वाटून ते पिसं फुलवायचं आणि इनासच्या डोक्याभोवती नुसता थयथयाट करायचं.

खिडकीशी खाटेवर पडलेली त्याची बायको बिसेंता हे बघून हसून हसून बेजार व्हायची. तिला लितिको, अंग हळूहळू लुळं पाडणारा रोग, झाला होता. गावात असे रोगी बरेच होते. तिचे हातपाय गेले होते, जीभ जड झाली होती, डोकं मात्र लख्ख. दिवसभरात तिला हसू यायचं ते या एवढ्याशा पाखरामुळेच.

"तुझ्यापेक्षा शूर आहे हो तो," ती अडखळत म्हणायची.

"शूर आहे, मग माझ्या माडावर फुकट कशाला पितो?"

त्या वर्षी उंदरांनी उच्छाद मांडला. नळे कुरतडायचे, माडी सांडायची. महायुद्धानंतर बोटींच्या सामानातून गुआमला आलेले तपकिरी साप तेव्हा नुकते गावात दिसू लागले होते. त्यातला एक इनासच्या माडाखाली निघाला. शेजारचा गोयो कोयता घेऊन धावला.

"थांब रे! उंदीर खातोय बिचारा. फुकटचा चाकर मिळालाय मला."

"तुन इनास," गोयो वडीलधाऱ्यांना लावतात तसं 'तुन' लावून म्हणाला, "साप आहे तो. त्याला मालक कळत नाही."

"तुझ्यापेक्षा बरा. माडी तर मागत नाही!"

गोयो हसत परत गेला. उंदीर खरंच कमी झाले आणि इनास खुशीत राहिला. स्वतः वर चढायला तो रोज परवानगी मागायचा, सापासाठी मागावी हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

पुढे माडाच्या झावळीत एगिगीच्या जोडीने घरटं केलं. काड्यांची इवलीशी वाटी, आत दोन अंडी. एका सकाळी इनास वर गेला तर वाटी रिकामी, काठाला एक लाल पीस चिकटलेलं, आणि शेजारी वेटोळं घालून साप स्वस्थ झोपलेला. इनासने तिथल्या तिथे त्याचे तुकडे केले. पण बैल गेला आणि झोपा केला, त्याचा काय उपयोग?

खाली बिसेंता वाट बघत होती. तिला सांगायचं कसं? इनासने पानांआड लपून स्वतःच शीळ घातली. दुसऱ्या दिवशीही घातली. मग रोजच. दुपारी तो नदीकाठ, डोंगर पालथा घालायचा. एक तरी एगिगी दिसावा, बिसेंता जायच्या आधी एकदा तरी तिच्या खिडकीत यावा, एवढंच त्याचं मागणं होतं. कुठेच काही नव्हतं; साप त्याच्याआधी सगळीकडे पोचले होते.

एका सकाळी तो उतरला तेव्हा ती म्हणाली, "इनास, तुझ्या एगिगीला हल्ली दम लागतो रे."

तो खाटेपाशी मटकन बसला. "मीच गं," म्हणाला, "मीच त्या मेल्या सापाला ठेवून घेतलं." आणि तिचा निर्जीव हात धरून लहान मुलासारखा रडला.

बिसेंताने खिडकीतून माडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "अशी गोड शीळ नको घालूस. भांडणाची घाल. कुठे एखादा उरला असेल तर चिडून येईल."

इनास पुन्हा बुंध्याशी गेला. "आज्यांनो, रागावू नका," म्हणाला. वर जाऊन त्याने छाती फुटेस्तोवर शीळ घातली, या कड्याची त्या कड्याला ऐकू जाईल अशी. मग थांबला. पुन्हा घातली.

"आला का रे भांडायला?" खिडकीतून बिसेंताने विचारलं.

पोय फुललेली होती, मध भरलेला होता, आणि सगळा माड आता इनासच्या एकट्याचा होता.