विस्तवाला न भिणारा

दमयंतीची शेवंती खुजी झाली ती काही एका रात्रीत नव्हे. आधी एक ओळ वीतभर राहिली, मग दुसरी. फुलं तर बटणाएवढी. ही पांढरी शेवंती तिच्या आईने अंजनवेलहून पाठवणीत दिलेली. आई गेली, माहेराला कुलूप लागलं, आता शेवंतीही चालली म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता.

लेक योगिनी दापोलीला शेती शिकते. पानं तपासायला तिनेच नेली होती. शनिवारी ती केळशीला आली आणि चप्पल काढायच्या आतच म्हणाली, "आये, व्हायरॉइड निघाला. सगळी उपटायला हवी."

"व्हायरस म्हण की सरळ."

"व्हायरस वेगळा गो. त्याच्या अंगावर प्रथिनाचा कोट असतो, करवंटीतल्या खोबऱ्यासारखा. व्हायरॉइडला करवंटीच नाय. आरएनएची नुसती बारकी कडी. झाडाच्या पेशीत शिरते आणि तिच्याच हातून आपल्या नकला काढून घेते. माणसाला काय करत नाय, झाडालाच छळते."

"आणि आला खयसून?"

"सुरीवरनं. रोगट झाडाचा रस लागतो, तो पुढच्या फांदीला जातो."

दमयंती उसळलीच. "माझ्या सुरीवरनं? दिव्यावर धरल्याबिगर मी फांदी कापत नाय!"

"त्यानं व्हायरस मरतो, हा मरत नाय."

दमयंतीचा राग जरा बाजूला सरला. तिला भलताच प्रश्न पडला. "कोटवाला मरेल नि उघडानागडा जगेल? उलटं व्हायला हवं की गो!"

योगिनी हसली. "उकडलेलं अंडं परत कच्चं होतं? व्हायरसचा कोट तसाच बिघडतो, मग त्याला झाडात शिरता येत नाय. याला कोटच नाय तर बिघडणार काय? सुरी ब्लीचच्या पाण्यात बुडवायची."

दमयंतीचं लक्ष सुरीकडे गेलं. जवळजवळ सगळ्या वाडीला तिनेच शेवंती दिली होती. दुसऱ्याच्या हातावर विश्वास नाही म्हणून दरवर्षी स्वतः घरोघर जाऊन छाटायची, आणि ते मिरवायचीही. म्हणजे रोग तिनेच वाटला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुझी सुरी न लागलेलं एखादं झाड असेल कुणाकडे?" योगिनीने विचारलं.

"कुठलं असायला!"

शेजारच्या आवडाबाई दगडी गडग्यापलीकडून सगळं ऐकत होत्या. त्या खाकरल्या. "माझ्या पाठच्या दारी हाय एक."

"तुम्हांला मी दिली कधी?"

"दिली नाय. तू नवी नवरी होतीस तवा मीच खुडली, नखानं. मागून नेलेली लागत नाय, चोरलेलीच लागते म्हणतात. मग चोरी उघडी पडेल या भीतीनं तुला कधी हात लावू दिला नाय तिला."

ती फांदी वाडीतल्या गंगारामच्या बकरीनेच खाल्ली असं समजून दमयंतीने तिला महिनाभर शिव्या घातल्या होत्या.

तिघी पाठच्या दारी गेल्या. विहिरीजवळ कमरेएवढी शेवंती, मुठीएवढ्या फुलांची. योगिनी म्हणाली, "तपासून घेऊ, पण निरोगी दिसते." दमयंतीला हुंदका आवरेना.

"आवडाबाय, एक फांदी द्याल?"

"मागून लागत नाय गो," असं म्हणून आवडाबाईंनी पाठ फिरवली आणि उगाचच माडाकडे बघत उभ्या राहिल्या.

दमयंतीने विहिरीवर साबणाने हात चोळचोळून धुतले आणि आपल्या आईची शेवंती चोरली.